सहा तासांचे आयुष्य, अडीचशे किलोमीटरची वाट

१/२५
अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा इतिहास सांगताना सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून आणि १५९५-९६ च्या वेढ्यात तो लढवणाऱ्या चाँदबिबीपासून होते. भोवतालच्या गावांतून ज्या खापरी नळांनी निजामशाही शहराला पाणी येत असे, त्यांचे नाव आलेच तर शेवटी येते. वैद्यकाच्या इतिहासाचीही हीच गत आहे. शोधकांची नावे आणि नोबेल पारितोषिके पाठ असतात. शोधलेली वस्तू रुग्णापर्यंत कोणत्या वाटेने आणि किती वेळात पोहोचली, याची नोंद क्वचितच होते. हा थ्रेड त्या वाटेविषयी आहे. विषय आहे शरीराच्या आत डोकावण्यासाठी रुग्णाला दिली जाणारी द्रव्ये: कॉन्ट्रास्ट आणि ट्रेसर.

२/२५
मुद्दा आधीच मांडलेला बरा. कॉन्ट्रास्ट बाटलीत वाट पाहतो. ट्रेसर वाट पाहत नाही. म्हणून पहिला तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आणि दुसरा दीर्घकाळ महानगरांतच राहिला. यंत्र विकत घेऊन फीत कापल्याने हे अंतर मिटणार नाही. नाशवंत वस्तू वेळेत गोळा करणे आणि वेळेत पोहोचवणे, ही विद्या त्यासाठी लागते. ती विद्या उसाच्या आणि दुधाच्या रूपाने या जिल्ह्याने तीन पिढ्या जोपासली आहे. म्हणून जिल्ह्याच्या आरोग्याचे नियोजन करणाऱ्यांनी परदेशी नमुन्यांइतकेच आपल्याच सहकाराच्या इतिहासाकडे पाहावे, असा या थ्रेडचा आग्रह आहे.

३/२५
प्रथम दोन शब्दांतील फरक. क्ष-किरणांच्या छायाचित्रात हाड दिसते, कारण ते किरण अडवते. आतडे, रक्तवाहिनी, मूत्रपिंड हे मऊ अवयव एकमेकांत मिसळून जातात. तेथे किरण अडवणारे एखादे जड द्रव्य भरले की आकार उमटतो. हा कॉन्ट्रास्ट, रुग्णांच्या बोलीत ‘डाय’. ट्रेसर याउलट स्वतःच किरण सोडतो. अत्यल्प मात्रेत तो रक्तात मिसळतो, विशिष्ट अवयवात जाऊन बसतो आणि बाहेरचा कॅमेरा त्याचा माग काढतो. किल्ल्याची उपमा द्यायची तर कॉन्ट्रास्टमुळे तट, बुरूज आणि दरवाजे दिसतात. कोणत्या दालनात दिवा जळतो आहे आणि कोठे अंधार आहे, हे ट्रेसर सांगतो.

४/२५
८ नोव्हेंबर १८९५ रोजी रॉन्टजेन यांना क्ष-किरण गवसले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेंथाल यांनी मृत व्यक्तीच्या हातातील रक्तवाहिन्यांत चुना, हिंगूळ आणि पेट्रोलियम यांचे मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग. चित्र सुरेख आले. परंतु जिवंत माणसाला ते मिश्रण देणे म्हणजे विष देणे होते. पुढच्या शतकाचा प्रश्न त्या एका हातात आखला गेला होता: किरणांना अडवणारे, पण माणसाला न मारणारे द्रव्य कोणते?

५/२५
हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १८९६ पासून प्राण्यांच्या अन्नात बिस्मथ मिसळून ते गिळताना आणि पचवताना पाहिले. जठराची हालचाल त्यामुळे जिवंतपणी दिसली. बिस्मथ महाग होते आणि त्याच्या काही क्षारांनी विषबाधाही होई. १९१० मध्ये जर्मनीत बाखेम आणि ग्युंथर यांनी बेरियम सल्फेट पुढे आणले. पाण्यात विरघळणारे बेरियमचे क्षार विषारी असतात. सल्फेट मात्र विरघळत नाही, म्हणून ते आतड्यातून जसे जाते तसेच बाहेर पडते. खडूसारखी चव असलेला तो पांढरा घोळ पुढे जगभरच्या रुग्णालयांत ‘बेरियम मील’ म्हणून ओळखला गेला.

६/२५
आयोडीनची कथा अधिक विलक्षण आहे. त्या काळी उपदंशाच्या रुग्णांना सोडियम आयोडाइड देत. १९२३ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ऑस्बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की, अशा रुग्णांचे मूत्राशय क्ष-किरण चित्रात आपोआप उठून दिसते. औषधाचा तो अनपेक्षित गुण तपासणीचे साधन ठरला. १९२९ मध्ये बर्लिनमध्ये मोझेस स्विक या तरुण अमेरिकी डॉक्टराने युरोसिलेक्टन या आयोडीनयुक्त द्रव्याने शिरेतून इंजेक्शन देऊन मूत्रमार्गाचे स्पष्ट चित्र मिळवले. आज सीटी स्कॅनपूर्वी शिरेतून दिला जाणारा ‘डाय’ त्याच कुळातला, पुष्कळ सुधारलेला वंशज आहे.

७/२५
आता वाटेकडे पाहावे. बेरियमची भुकटी पिठासारखी डब्यात राहते. आयोडीनची बाटली थंड, अंधाऱ्या कपाटात मुदत संपेपर्यंत तशीच असते. मालमोटारीने आणली काय, एसटीच्या पार्सलने आणली काय, तिचा गुण ढळत नाही. वीज, क्ष-किरण यंत्र आणि ते चालवणारा तंत्रज्ञ एवढे असले की आडगावीही बेरियमची तपासणी होऊ शकते. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या १७,०४८ चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नव्हे. कॉन्ट्रास्टच्या प्रसारात घड्याळ आडवे आले नाही. आडवे आले ते पैसा आणि मनुष्यबळ.

८/२५
या टिकाऊपणाची एक काळी बाजूही आहे. १९३० च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य आले. थोरियम डायऑक्साइडचे हे सूक्ष्म कण किरण उत्तम अडवत. इंजेक्शन देताना वेदना नाही, तत्काळ प्रतिक्रिया नाही. पोर्तुगालचे एगाश मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवण्यासाठी ते वापरले आणि ते जगभर पसरले. दोष एकच होता: शरीर ते बाहेर टाकू शकत नव्हते. कण यकृतात आणि प्लीहेत कायमचे बसत. थोरियम किरणोत्सारी आहे आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे. कित्येक रुग्णांना दोन-तीन दशकांनंतर यकृताचा कर्करोग झाला. १९५० च्या दशकात त्याचा वापर थांबत गेला. परिणाम त्यानंतरही दीर्घकाळ दिसत राहिले.

९/२५
थोरोट्रास्टचा धडा असा की, तपासणीच्या द्रव्याचा पहिला गुण म्हणजे काम होताच निघून जाणे. बेरियम आणि आयोडीन शरीरातून बाहेर पडून निघून जातात. किरणोत्सारी द्रव्याला दुसरीही वाट असते: ते जागच्या जागी विझून जाते. अर्धायुष्य जितके तोकडे, तितका रुग्णावरचा भार हलका. म्हणजे ट्रेसरचा अल्पायुषीपणा हाच त्याचा सुरक्षितपणा होय. नेमक्या याच गुणाने मात्र भूगोल आडवा घातला. रुग्णाच्या शरीरात लवकर विझणारे द्रव्य रस्त्यावरही तितक्याच वेगाने विझते.

१०/२५
ट्रेसरची मूळ कल्पना हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज द हेवेशी यांची. मँचेस्टरला शिकत असताना खाणावळीची मालकीण उरलेले अन्न पुन्हा वाढते, असा त्यांना संशय होता. त्यांनी ताटातल्या उरलेल्या मांसात किरणोत्सारी द्रव्याचा अंश मिसळला आणि काही दिवसांनी वाढलेल्या पदार्थाजवळ मापक धरून तो संशय खरा ठरवला, असा किस्सा सांगितला जातो. किस्सा बाजूला ठेवला तरी १९२३ मधील त्यांचा प्रयोग निश्चित आहे: किरणोत्सारी शिसे वापरून त्यांनी वनस्पतीच्या मुळापासून पानापर्यंतचा माग काढला. १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना याच कार्यासाठी मिळाले.

११/२५
माणसाच्या शरीरात हा माग प्रथम काढला तो बॉस्टनचे हर्मन ब्लुमगार्ट यांनी, १९२० च्या दशकाच्या मध्यात. एका दंडात किरणोत्सारी द्रव्य टोचायचे आणि दुसऱ्या हातापर्यंत ते किती सेकंदांत पोहोचते हे मोजायचे, अशी त्यांची रीत होती. रक्ताभिसरणाचा वेग त्यातून मिळे. पुढे कृत्रिम समस्थानिके आली. १९३८ मध्ये सापडलेले आयोडीन-१३१ थायरॉइड ग्रंथीचा माग काढू लागले. त्याचे अर्धायुष्य आठ दिवस. म्हणजे ते टपालाने वा रेल्वेने धाडता येण्याजोगे. पण ते गरजेपेक्षा अधिक काळ आणि अधिक तीव्रतेने शरीराला किरण देते. निव्वळ तपासणीसाठी याहून सौम्य द्रव्य हवे होते.

१२/२५
ते द्रव्य टपालातूनच आले. बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधला मॉलिब्डेनमचा एक वापरून झालेला पत्रा अर्नेस्ट लॉरेन्स यांनी इटलीत एमिलिओ सेग्रे यांच्याकडे पाठवला. १९३७ मध्ये पालेर्मोत सेग्रे आणि कार्लो पेरिये यांना त्यात ४३ व्या क्रमांकाचे, तोवर कोणालाच न गवसलेले मूलद्रव्य मिळाले. मानवाने कृत्रिमरीत्या घडवलेले हे पहिले मूलद्रव्य, म्हणून त्याचे नाव टेक्नेशियम. पुढच्याच वर्षी त्याचे ९९-एम हे रूप ओळखले गेले. अर्धायुष्य सहा तास. किरण कॅमेऱ्याला सोयीचे. शरीरावरचा भार अल्प. गुण सर्व होते. अडचण एवढीच की सकाळी बनवलेले टेक्नेशियम संध्याकाळपर्यंत पाव राहते.

१३/२५
या अडचणीवर तोडगा निघाला तो गोठ्यातला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत टेक्नेशियमचे जनित्र तयार झाले. मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य ६६ तास, आणि ते विझताना त्यातूनच टेक्नेशियम निर्माण होते. मॉलिब्डेनम ॲल्युमिनाच्या नळकांड्यात घट्ट बसवायचे आणि वरून मिठाचे पाणी सोडायचे. मॉलिब्डेनम जागेवर राहते, टेक्नेशियम पाण्याबरोबर खाली येते. सुमारे एका दिवसात पुन्हा भरपूर साचते. शास्त्रज्ञांनी या जनित्राला ‘गाय’ म्हटले आणि या क्रियेला ‘धार काढणे’. रोज दूध देणारी ही गाय आठवड्याभरात भाकड होते आणि नवी आणावी लागते.

१४/२५
महाराष्ट्रात ही परंपरा तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर रुजली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी होमी भाभांच्या नेतृत्वाखाली अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. अप्सरा म्हटले की आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक, एवढे स्पर्धा परीक्षेचे उत्तर तयार असते. तिच्यात समस्थानिकेही तयार होऊ लागली, ही गोष्ट मागे पडते. १९६० मध्ये सायरस आणि १९८५ मध्ये ध्रुव या मोठ्या अणुभट्ट्या आल्या आणि उत्पादन वाढले. शस्त्र आणि वीज यांभोवती फिरणाऱ्या अणुइतिहासात रुग्णाच्या थायरॉइडसाठी तुर्भ्याहून निघणाऱ्या शिशाच्या डब्याला अजून आपले प्रकरण मिळालेले नाही.

१५/२५
१९६३ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण वैद्यक केंद्र सुरू झाले. अणुभट्टी तुर्भ्याला, रुग्ण परळला; मध्ये एका शहराचे अंतर. या केंद्रातून डॉक्टरांच्या पिढ्या प्रशिक्षित होऊन देशभर गेल्या. खासगी रुग्णालयांत ही शाखा रुजवण्याचे मोठे श्रेय जसलोक रुग्णालयातील डॉ. आर. डी. लेले यांना जाते. १९९२ मध्ये ते पद्मभूषणने सन्मानित झाले. मुंबईतच या शास्त्राने मूळ धरावे हे स्वाभाविक होते. सहा तासांचे द्रव्य अणुभट्टीच्या सावलीतच वाढणार.

१६/२५
भारतीय मार्ग थोडा वेगळाही होता. परदेशांत मॉलिब्डेनम-९९ युरेनियमच्या विखंडनातून काढत. ते अत्यंत सांद्र असल्याने छोट्या नळकांड्यात मावते. आपल्या अणुभट्ट्यांत साध्या मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉनचा मारा करून जे मिळे, त्यात उपयोगी अंश थोडा आणि साधे मॉलिब्डेनम फार. नळकांड्याची गाय येथे चालेना. म्हणून मॉलिब्डेनमचे द्रावण रुग्णालयाला पाठवायचे आणि तेथे मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकाने टेक्नेशियम वेगळे करायचे, ही पद्धत दीर्घकाळ वापरात राहिली. ती खटपटीची होती, कुशल हात मागणारी होती. परंतु हाती असलेल्या साधनांतून मार्ग काढणारी होती.

१७/२५
१९८९ मध्ये विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजे ‘ब्रिट’, स्थापन झाले. समस्थानिके, जनित्रे आणि ‘कोल्ड किट’ यांचा पुरवठा हे त्याचे काम. कोल्ड किट म्हणजे किरणोत्सार नसलेली कोरडी औषधकुपी. तिच्यात टेक्नेशियम मिसळले की एखादी कुपी हाडाकडे जाते, एखादी मूत्रपिंडाकडे, एखादी हृदयाच्या स्नायूकडे. युक्ती कशी आहे पाहा: जे टिकते ते आधीच पाठवून ठेवायचे, जे टिकत नाही ते जनित्रातून ऐनवेळी काढायचे. २००२ मध्ये परळच्या केंद्रात देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले आणि पेट स्कॅनचे युग आले.

१८/२५
पेट स्कॅनमधला सर्वाधिक वापरला जाणारा ट्रेसर ही साखरच आहे. ग्लुकोजच्या रेणूतील एक तुकडा काढून तेथे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवले की एफडीजी तयार होते. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशीपणे ओढतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते. पेशी ही साखर गिळते, पण पचवू शकत नाही. ती आत अडकते आणि चित्रात तो भाग उजळतो. १९७६ मध्ये माणसावरील पहिली चाचणी फिलाडेल्फियात झाली, आणि त्यासाठीची एफडीजी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनहून विमानाने आणली होती. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे. म्हणजे पहिल्या दिवसापासून या साखरेची शर्यत रस्त्याशी होती.

१९/२५
हे गणित नगरला लावून पाहावे. मुंबई ते नगर सुमारे अडीचशे किलोमीटर. घाट, वाहतूक धरून साडेपाच तास. तेवढ्यात फ्लोरिन-१८ ची तीन अर्धायुष्ये सरतात आणि निघालेल्या मालाचा आठवा हिस्सा हाती येतो. पुण्याहून तीन तासांत पोहोचले तर जवळपास तिसरा हिस्सा. सुटे टेक्नेशियम मुंबईहून आणले तर निम्मे. पण टेक्नेशियमचे जनित्र, म्हणजे ती गाय, आणली तर सहा तासांच्या प्रवासात मॉलिब्डेनमचा ९४ टक्के भाग शाबूत राहतो. रस्ता तोच, गाडी तीच. काय लादायचे, एवढ्या निर्णयावर रुग्णाची तपासणी होणार की नाही हे ठरते.

२०/२५
या जिल्ह्याला असे गणित नवे नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ उभा राहिलेला प्रवरानगरचा कारखाना १९४८ मध्ये नोंदला गेला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गाळप हंगाम झाला. सहकारी साखर कारखान्यांच्या इतिहासात त्याचे पहिलेपण मान्य आहे. पण सहकाराने काय सोडवले? तोडलेला ऊस दर तासाला साखर गमावतो; शक्यतो २४ तासांत तो गव्हाणीत पडावा लागतो. म्हणून लागणीच्या नोंदी, तोडणीचा क्रम, चिटबॉय, टोळ्या, गाड्या, रात्रीचा वजनकाटा हे सर्व तंत्र उभे राहिले. कारखाना म्हणजे यंत्र खरे. पण त्याआधी ते एक वेळापत्रक आहे.

२१/२५
दुधाचेही तसेच. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर भागातील गावागावांत सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर कॅन येतात, फॅट लागते, दूध थंड होते आणि टँकर ठरल्या वेळी निघतो. एका शेतकऱ्याच्या दोन गायींसाठी टँकर परवडत नाही. शंभर जणांसाठी परवडतो. टेक्नेशियमच्या गायीचा हिशेब नेमका हाच आहे. एकट्या रुग्णालयाने जनित्र आणले तर निम्मे टेक्नेशियम न वापरताच विझते. जिल्ह्यातील सरकारी, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांनी रुग्णांच्या तारखा एकत्र लावल्या, तर तीच गाय अनेकांना पुरते. जनित्र सामायिक, तपासणीची जागा एक, नोंदणी प्रत्येक तालुक्यातून: हा सहकाराचा जुनाच धडा.

२२/२५
यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप याच जिल्ह्याच्या इतिहासातून येतो. १९७० मध्ये जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. शुद्ध पाणी, पोषण, लसीकरण आणि गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया यांनी बहुसंख्य आजार रोखता येतात, हे त्यांनी दाखवले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मग दुष्काळी तालुक्यांच्या जिल्ह्याने समस्थानिकांवर पैसा का खर्चावा? आक्षेप आदराने ऐकण्याजोगा आहे. परंतु जामखेडच्या रचनेतही गावातील आरोग्य कार्यकर्तीच्या मागे फिरते पथक होते आणि त्यामागे रुग्णालय होते. खालची पायरी भक्कम झाली की माणसे अधिक जगतात, आणि अधिक जगणाऱ्यांना कर्करोग व हृदयविकार गाठतात. तेव्हा वरची पायरी लागतेच.

२३/२५
दुसरा आक्षेप व्यवहाराचा: द्रव्य आणण्यापेक्षा रुग्णालाच मुंबईला नेणे स्वस्त. हा हिशेब रुग्णालयाच्या वहीत बरोबर आणि घराच्या वहीत चूक ठरतो. रुग्णाबरोबर एक माणूस जातो, दोघांचे रोज बुडतात, मुक्कामाचा खर्च येतो, आणि उपचार लागू पडले का हे पाहण्यासाठी पुन्हा जावे लागते. पाथर्डीसारख्या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने ही फेरी कशी करावी? ज्यांच्या कोयत्यावर साखरेचे सारे वेळापत्रक चालले, त्यांना त्या वेळापत्रकाचा लाभ सर्वांत कमी मिळाला. आरोग्याच्या वेळापत्रकात तीच चूक पुन्हा होऊ नये, हा येथला खरा प्रश्न आहे. सहकाराचा गौरव करताना ही उधारी विसरता येणार नाही.

२४/२५
तिसरी गोष्ट परावलंबनाची. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी बंद पडली, २०१० मध्ये नेदरलँड्समधील पेटनची दुरुस्तीसाठी थांबली, आणि जगभर टेक्नेशियमच्या तपासण्या रखडल्या. कारण जगाचा बहुतेक पुरवठा मोजक्या वयोवृद्ध अणुभट्ट्यांवर उभा होता. न विझणारे द्रव्यही सुटले नाही: २०२२ मध्ये शांघायच्या टाळेबंदीत एका कारखान्याचे उत्पादन घटले आणि अमेरिकेसारख्या देशात आयोडीनच्या कॉन्ट्रास्टचा तुटवडा झाला. एकाच विहिरीवर गाव अवलंबून ठेवू नये, हे अवर्षणप्रवण भागाला कोणी शिकवावे लागत नाही. अणुभट्टी, सायक्लोट्रॉन आणि आयात या तिन्ही वाटा उघड्या ठेवणे हे देशाचे काम. शेवटचे शंभर किलोमीटर बांधणे हे जिल्ह्याचे.

२५/२५
किरणोत्सारी द्रव्य हाताळण्याचे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत. थोरोट्रास्टचा इतिहास त्यासाठी पुरेसा आहे. प्रशिक्षित मनुष्यबळही आयते मिळणार नाही. परंतु लोणीसारख्या ग्रामीण भागात १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय चालवणाऱ्या जिल्ह्याला ते घडवणे अशक्य नाही. इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांसाठीही येथे काम आहे. तालुक्याच्या गावी पहिले क्ष-किरण यंत्र कोणत्या वर्षी आले, बेरियमची पहिली तपासणी कोठे झाली, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणारे तंत्रज्ञ कोण होते, मुंबईहून पहाटे औषधाचा डबा घेऊन येणारा चालक कोणत्या रस्त्याने येई: याच्या नोंदी जुन्या रजिस्टरांत आणि निवृत्त माणसांच्या आठवणीत आहेत. किल्ल्याची मोजमापे अनेकदा झाली आहेत. ही रजिस्टरे रद्दीत जाण्याआधी कोणीतरी उघडली पाहिजेत.